नव्या कोंबडीला अंड्याचा हिशेब विचारण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

घरच्या अंगणात चार-दोन कोंबड्या पाळणाऱ्यांची संख्या अलीकडे चांगलीच वाढली आहे. कोणी घर बदलणाऱ्या ओळखीच्यांकडून कोंबड्या आणतात, कोणी अंडी घालण्याच्या बेतात आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, विकत घेतात, तर कोणी मोठ्या पोल्ट्रीतून वयोमानाने काढून टाकलेल्या कोंबड्यांना घर देतात. या सर्वांकडून एक तक्रार मात्र सारख्याच शब्दांत ऐकू येते, ती म्हणजे "कोंबडी आणून पंधरवडा झाला, एक अंडे नाही." पुढे त्या कोंबडीचे काय होते, हे मी अनेकदा जवळून पाहिले आहे. ती तिसऱ्या घरी जाते, परत पाठवली जाते किंवा कापली जाते. मी गेली एकोणीस वर्षे दुसऱ्यांनी सोडलेल्या कोंबड्या आणून सांभाळते आहे आणि त्या अनुभवावरून या तक्रारीविषयी चार गोष्टी मांडू इच्छिते. माझे म्हणणे एवढेच आहे की, नव्या घरी आलेली कोंबडी अंडे देत नाही तेव्हा बहुधा तिच्यात खोट नसते. अंडे घडवण्यापूर्वी तिच्या शरीराला ज्या गोष्टींची खात्री लागते, त्या तिला अजून मिळालेल्या नसतात. ती खात्री देणे हे आणणाऱ्याचे काम आहे आणि त्याला निदान सहा आठवडे लागतात.

हे सहा आठवडे मी मनाने ठरवलेले नाहीत. अंडे कसे तयार होते हे पाहिले की त्यांचे कारण कळते. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतले जवळजवळ २० तास एकट्या कवचाला लागतात. परंतु तो बलक त्याआधी सात ते दहा दिवस अंडाशयात झपाट्याने वाढत असतो. म्हणजे आज पेटीत दिसणाऱ्या अंड्याची तयारी गेल्या आठवड्यातच सुरू झालेली असते. याचा अर्थ असा की, कोंबडी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जी अंडी मिळतात ती खरे तर जुन्या घरची असतात. घरातली माणसे त्यांनी हरखून जातात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अंडी थांबली की आपल्याला फसवले असे त्यांना वाटू लागते. वास्तविक प्रवास, अनोळखी जागा, बदललेले खाणे आणि तुटलेली सोबत यांमुळे शरीराने मधल्या काळात अंड्यांचे काम आवरते घेतलेले असते. वाढीला लागलेले बलकसुद्धा अशा ताणात शरीर पुन्हा शोषून घेते. ती घडी पुन्हा बसायला दिवस नव्हे, आठवडे लागतात, आणि या गडबडीत कोंबडीने पिसे गाळायला सुरुवात केली तर दोन-तीन महिनेही जातात.

भीती अंड्यावर कशी उमटते, हे ज्यांना डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी नव्या कोंबडीची पहिली काही अंडी हातात घेऊन नीट न्याहाळावीत. तपकिरी अंड्यावर कोणी चुन्याचा ओला हात फिरवावा तशी पांढुरकी साय दिसते. एखाद्या अंड्याच्या मध्यावर वळ असतो, एखादे एका बाजूने चपटे असते. घाबरलेली कोंबडी तयार अंडे आत धरून ठेवते, त्यामुळे त्यावर चुन्याचा जादा थर चढतो. मागून येणारे अंडे त्याला टेकले तर त्याची एक बाजू दबते. अशी अंडी वाईट नसतात. आदल्या दिवशी खुराड्याभोवती काय घडले असावे, याची मात्र त्यांवरून मला कल्पना येते.

कोंबडी आणताना सर्वांत आधी तिचे वय विचारले पाहिजे, आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते. हलक्या अंगाच्या संकरित जातींची तलंग १८ ते २२ आठवड्यांची झाली की पहिले अंडे घालते, तर जड अंगाच्या आणि गावठी जातींना सहा-सात महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. चार महिन्यांची तलंग दिसायला पुरी कोंबडी असते, पण तिचा तुरा लहान आणि फिकट गुलाबी असतो. अंडे जवळ आले की तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या वाढतात, लालबुंद होतात, ती उगाचच कोपऱ्याकोपऱ्यांत डोकावू लागते आणि पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली बसते. हे बसणे दिसले की अंडे फार लांब नाही असे समजावे. दुसरी खूण हाताने पाहायची असते. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन पातळ हाडांची टोके लागतात. त्यांच्यामध्ये एकच बोट जेमतेम मावत असेल तर कोंबडी अंड्यावर नाही, आणि दोन-तीन बोटे सहज मावत असतील व हाडे लवचिक लागत असतील तर ती अंड्यावर आहे किंवा येण्याच्या बेतात आहे.

मागे एकदा शेजारच्या काकांनी एक तांबूस कोंबडी माझ्याकडे आणून सोडली. "बारा दिवस आयते खाते आहे, तुम्हीच ठेवा," असे ते म्हणाले. मी तिला मांडीवर घेऊन मानेवरची पिसे उलटी केली, तेव्हा कातडीतून नव्या पिसांचे टोकदार कोंब वर आलेले दिसले. दाभणाच्या टोकासारखे, निळसर नळीत गुंडाळलेले ते कोंब बोटाला लागले की ती कळवळत होती. ती पिसे गाळून नवी घालत होती. पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनते, त्यामुळे सगळे अंग नव्याने झाकायचे असताना शरीर अंड्याकडे प्रथिने वळवत नाही, आणि हे काम साधारण आठ ते बारा आठवडे चालते. काकांनी तिला कोणत्याही दिवशी उचलून पाहिले असते तर त्यांनाही हे दिसले असते. अकराव्या आठवड्यात तिने माझ्याकडे पहिले अंडे घातले आणि ते मी त्यांनाच नेऊन दिले.

पोल्ट्रीतून काढलेल्या कोंबडीच्या बाबतीत या पिसे गाळण्याचे आणखी एक कारण असते आणि ते फार थोड्यांना माहीत असते. कोंबडीला अंड्याचा इशारा प्रकाशाकडून मिळतो. हा प्रकाश केवळ डोळ्यांवाटे नव्हे, तर कवटीतून थेट मेंदूपर्यंत झिरपतो, आणि दिवस साधारण १४ तासांचा किंवा त्याहून मोठा असला की अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके नीट स्रवतात. पोल्ट्रीत दिवे लावून हा दिवस १६ तासांचा केलेला असतो. तिथून कोंबडी आपल्या अंगणात आली की एका रात्रीत तिचा दिवस तीन-चार तासांनी आखडतो, आणि तिचे शरीर त्याचा अर्थ ऋतू पालटला असा घेते. अंडी थांबतात आणि पिसे गळू लागतात. यावर दिवा लावावा का, असे मला अनेकजण विचारतात. माझे मत असे आहे की, पहिल्या विश्रांतीत तरी तिला तशीच राहू द्यावे. ज्यांना दिवा लावायचाच असेल त्यांनी तो पहाटे लावावा आणि दर आठवड्याला थोडाथोडा वाढवावा. संध्याकाळी दिवा लावून तो एकदम मालवला तर अंधारात जवळजवळ काहीच न दिसणारी कोंबडी रात्री बसायच्या दांडीवर चढण्याआधीच जमिनीवर अडकून पडते.

आता पहिल्या आठवड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पुढचे बरेचसे यश याच आठवड्यावर अवलंबून असते. कोंबड्या शक्यतो दिवेलागणीच्या सुमारास आणाव्यात, खोक्यातून थेट खुराड्यात उतरवाव्यात आणि सर्वांत आधी पाणी दाखवावे. अंड्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर आणि उन्हाच्या तडाख्यात त्याच्या दुपटीपर्यंत पाणी पिते. प्रवासातला एक दिवस पाण्यावाचून गेला तरी त्याची किंमत पुढे कितीतरी दिवस मोजावी लागते. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना चोचीने दाबायच्या निपलमधून पाणी पिण्याची सवय असते, त्यामुळे समोर भरलेले भांडे असूनही त्या तहानलेल्या राहू शकतात. चोचीचे टोक अलगद पाण्यात बुडवून दाखवले की बहुतेकींना लगेच कळते, आणि एक प्यायली की बाकीच्या तिचे पाहून पितात. खाद्य पहिले आठ-दहा दिवस जुन्या घरचेच ठेवावे आणि मग थोडे थोडे नवे मिसळत बदलावे. ज्यांच्या चोचीचे टोक पोल्ट्रीत कापलेले असते त्यांना कडक जमिनीवर विखुरलेला एकेक दाणा उचलता येत नाही, म्हणून त्यांचे खाद्य खोलगट भांड्यात भरपूर भरून ठेवावे. ती खाते आहे की नाही, हे पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे तिन्हीसांजेला दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या छातीच्या वर, उजव्या बाजूला, अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेल्या थैलीसारखी लागली तर दिवस चांगला गेला. ती रिकामी लागली, तर मात्र दुसऱ्या दिवशी त्या कोंबडीवर लक्ष ठेवावे.

पाच-सात दिवस कोंबड्यांना खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीच्या आवारातच ठेवावे. दया येऊन पहिल्याच दिवशी मोकळे सोडणारे बरेच असतात. पण कोंबडी अंधार पडताना तिला घर म्हणून ठाऊक असलेल्या जागी परतते, आणि ती ओळख पक्की व्हायला इतका वेळ लागतोच. त्या आधी सोडलेली कोंबडी झाडावर किंवा कुंपणाच्या आडोशाला रात्र काढते आणि पहाटेपर्यंत कुत्र्या-मांजराच्या तोंडी सापडते. या दिवसांत घरच्या मुलांनी तिला उचलू नये, पाहुण्यांना दाखवायला खुराडे उघडू नये. रोज त्याच वेळी, त्याच माणसाने, त्याच कपड्यांत दाणा-पाणी करावे एवढेच मी सांगते. कोंबड्या माणसांचे चेहरे ओळखतात, आणि येणारे पाऊल कोणाचे व कशासाठी हे कळू लागले की त्यांची धास्ती निम्मी ओसरते.

पिंजऱ्यात आयुष्य काढलेल्या कोंबडीला तर घर म्हणजे काय हेही शिकवावे लागते. तिथे एका कोंबडीच्या वाट्याला अनेकदा लिहिण्याच्या एका कागदाएवढी जागा आलेली असते आणि पायाखाली सतत तार असते. माझ्याकडे आलेल्या अशा एका कोंबडीला मी तिसऱ्या दिवशी प्रथम जमिनीवर ठेवले. ती बराच वेळ ठेवली तशीच उभी होती. मग तिने उजवा पाय उचलला, बोटे मुठीसारखी आवळून पोटाशी धरली, पुन्हा खाली टेकवली आणि मान वाकडी करून पायाखाली काय आहे ते पाहिले. तासाभराने तिने एकदाच माती मागे उकरली आणि स्वतःच दचकून बाजूला झाली. पाचव्या दिवशी दुपारी ती कोरड्या मातीत एका अंगावर पडून पंखांनी धूळ अंगावर ओढून घेत होती, डोळे अर्धे मिटलेले होते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. पिंजऱ्यातल्या कोंबड्या नुसत्या तारेवरही धुळीत लोळण्याच्या हालचाली करतात, इतकी ही ओढ उपजत असते. म्हणून खुराड्यात एका कोपऱ्यात कोरडी, भुसभुशीत माती आणि थोडी राख अवश्य ठेवावी. त्याने पिसांतल्या उवाही कमी होतात. अशा कोंबड्यांना दांडीवर चढणेही ठाऊक नसते. दांडी सुरुवातीला गुडघ्याच्या खाली ठेवून, अंधार पडल्यावर त्यांना एकेक उचलून तिच्यावर बसवावे. आठवडाभर हा नेम पाळला की बहुतेक आपोआप चढू लागतात. दांडी चार-पाच सेंटीमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली असावी आणि प्रत्येकीला २० ते २५ सेंटीमीटर जागा मिळावी.

ज्यांच्याकडे आधीच कोंबड्या आहेत त्यांनी घाई केल्यास काय होते, हे मला माझ्याच चुकीतून शिकावे लागले. पहिल्याच वर्षी, नव्या पांढऱ्या कोंबडीला मी तिसऱ्या दिवशी भर दुपारी जुन्या तिघींमध्ये सोडले आणि हातातले काम संपवायला घरात गेले. परत आले तेव्हा ती खुराड्याच्या कोपऱ्यात भिंतीत तोंड खुपसून उभी होती, तुऱ्यातून रक्त गळत होते, आणि रक्ताच्या लाल रंगावर त्या तिघी पुन्हा पुन्हा चोची मारत होत्या. जखम तीन आठवड्यांत भरली. अंडे यायला मात्र अडीच महिने लागले. त्या कोंबडीपुढे मी आजही अपराधी आहे.

कोंबड्यांत कोण कोणाला टोचणार आणि कोण निमूट बाजूला होणार याची एक पक्की उतरंड असते. नॉर्वेजियन संशोधक थॉर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी ती प्रथम शास्त्रीय रीतीने मांडली. नवी कोंबडी आली की ही सारी उतरंड मोडते आणि पुन्हा ठरवावी लागते, त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच. आपण तिची धार कमी करू शकतो. प्रथम तीन-चार आठवडे नव्यांना पूर्ण वेगळे ठेवावे, कारण मानमोडी, देवी यांसारखे रोग आणि उवा-किडे कोंबडीबरोबरच येतात. या काळात आधी जुन्यांचे काम करावे, मग नव्यांचे, आणि हात धुऊनच परतावे. त्यानंतर आठ-दहा दिवस दोघींमध्ये फक्त जाळी असावी, म्हणजे एकमेकींना पाहत, पण न टोचता, त्या जेवतात. एकत्र करताना रात्री दांडीवर शेजारी बसवावे, खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत आणि आवारात एखादे खोके, फळी, झुडूप असे काही असावे की ज्याच्या आड होऊन पळणारीला नजरेआड जाता येईल. एकटी कोंबडी आणूच नये, दोन आणाव्यात. रक्त दिसले की मात्र त्या कोंबडीला तत्काळ वेगळे काढावे. तिथे थांबून पाहण्यासारखे काही नसते.

अंडी घालण्याच्या पेटीविषयी फार सांगण्यासारखे नाही. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३० सेंटीमीटरच्या आसपास, चार-पाच कोंबड्यांना एक पेटी, आत भुशाचा किंवा गवताचा जाड थर, तोंडावर अंधार करणारा पडदा, आणि दांडीपेक्षा खालची जागा एवढे पुरे. पेटी दांडीपेक्षा उंच असली तर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि ती घाण करतात. आत दगडाचे किंवा लाकडाचे खोटे अंडे ठेवले तर नवी कोंबडी त्या जागेला सुरक्षित समजते. हा उपाय जुना आहे आणि लागू पडतो. नंतर मोकळे सोडल्यावर अंडी दिसेनाशी झाली तर अंडी थांबली असे न धरता आधी अडगळीत आणि झुडपांत शोधावे. दोन-तीन दिवस दुपार टळेपर्यंत कोंबड्या आतच ठेवल्या की बहुधा पेटीचीच सवय लागते.

खाण्याच्या बाबतीत मात्र चांगल्या, प्रेमळ माणसांकडूनच सर्वाधिक नुकसान होते, म्हणून थोडा हिशेब मांडते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि कोंबडी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच वापरू शकते, म्हणजे रोजची गरज सुमारे ४ ग्रॅम झाली. अंड्यावरच्या कोंबडीसाठी मिळणाऱ्या लेअर खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम आणि १६ ते १८ टक्के प्रथिने असतात. त्याचे ११० ग्रॅम पोटात गेले की हिशेब जुळतो. नुसत्या धान्यात कॅल्शियम जवळजवळ नसतेच आणि प्रथिनेही अपुरी असतात. ओंजळभर धान्य आणि स्वयंपाकघरातले उरलेसुरले यांवर कोंबडीचे पोट भरते, ती लठ्ठही होते, पण अंडे घडवायला लागणारे सामान तिला मिळत नाही. काही काळ ती ते स्वतःच्या हाडांतून काढून देते आणि मग पातळ कवचाची, कधी नुसत्या पडद्यात गुंडाळलेली अंडी येऊन शेवटी ती थांबतात. म्हणून असे वरचे खाणे दिवसाच्या एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत आणि तेही दुपारनंतर द्यावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. संध्याकाळी कोंबड्या त्याकडे अधिक जातात, कारण कवचाचे बरेचसे काम रात्री चालते. हा चुरा विरघळून जातो, त्यामुळे मोकळे धान्य किंवा हिरवा पाला खाणाऱ्या कोंबड्यांना दाणे भरडायला न विरघळणारे बारीक खडे निराळे लागतात. याउलट अंड्यावर न आलेल्या तलंगेला मात्र लेअर खाद्य लवकर सुरू करू नये. जादा कॅल्शियमने तिच्या मूत्रपिंडांना इजा होते. पहिले अंडे जवळ आल्याच्या खुणा दिसेपर्यंत तिला वाढीचे ग्रोअर खाद्यच योग्य असते.

सर्व काही नीट असूनही कोंबडी मलूल, तुरा फिकट आणि अंडी बंद असे चित्र असेल तर रात्री विजेरी घेऊन खुराड्यात जावे. लाल माइट नावाचे टाचणीच्या टोकाएवढे किडे दिवसा दांडीच्या खाचांत आणि लाकडाच्या फटींत लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात, त्यामुळे दिवसा अंग कितीही तपासले तरी ते सापडत नाहीत. दांडीची टोके जिथे भिंतीत बसतात तिथे पांढरा कागद घासला आणि त्यावर तांबडे डाग उठले, तर शंका उरत नाही. उन्हाळ्यातली घट वेगळी असते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, आणि या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून कवच पातळ होते. तिला औषध नको असते, सावली, वारा आणि गार पाणी हवे असते. खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवण्याच्या ओढीने, पेटीत फुगून बसलेली, हात लावला की गुरगुरणारी कोंबडीही आजारी नसते. परंतु शेपटी खाली टाकून, अंग फुगवून, वारंवार कळा देणारी आणि खाणे सोडलेली कोंबडी दिसली तर अंडे अडकले असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी घरगुती प्रयोगांत वेळ न घालवता पशुवैद्यकाकडे जावे. ऐकीव औषधे पाण्यात टाकण्याचा प्रकार मला फार चिंतेचा वाटतो. त्यांचा अंश अंड्यांतून घरातल्या मुलांच्या पोटात जातो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. रानातली मूळ लाल रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते आणि आपण निवड करून घडवलेली संकरित कोंबडी तीनशेच्या घरात जाते. दीड वर्षाच्या वयाला पोल्ट्रीतून बाहेर पडणाऱ्या कोंबडीने हे काम आधीच करून झालेले असते. तिच्याकडून यापुढे कमी अंडी येणार, दरवर्षी आणखी कमी येणार आणि एक दिवस ती थांबणार, हे ठाऊक असूनच तिला आणावे. ज्यांना हे परवडत नसेल त्यांनी तलंगा घ्याव्यात. त्यात वावगे काही नाही. मात्र म्हातारीला आणून तिच्याकडून तरुणीचे काम मागू नये.

माझी विनंती कोंबड्या देणाऱ्यांनाही आहे. आपण कोंबडी हातात देतो, परंतु तिची माहिती देत नाही, आणि मग घेणाऱ्याला अंदाजावर चालावे लागते. माझ्याकडून कोंबडी नेणाऱ्याला मी पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी देते. तिच्यावर कोंबडीचे वय, कोणत्या लशी केव्हा टोचल्या, सध्याचे खाद्य कोणते, पाणी कशातून पिते, रोज किती तास उजेडात होती, शेवटची पिसे केव्हा गाळली आणि शेवटचे अंडे कोणत्या तारखेला घातले, एवढे लिहिलेले असते, आणि सोबत जुन्या खाद्याची दहा दिवसांची पिशवी असते. मोठ्या पोल्ट्रीच्या मालकांकडे यांतील बहुतेक माहिती नोंदवहीत असतेच. कोंबड्या काढून टाकण्याच्या दिवशी तेवढ्या ओळी उतरवून दिल्या तर त्यांचा फारसा वेळ जाणार नाही. आपण ही चिठ्ठी आपल्या पत्रात चौकटीत छापावी, म्हणजे वाचकांना ती कापून कोंबडी आणायला जाताना बरोबर नेता येईल, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे. तिच्या तळाशी एक रिकामी ओळ जरूर ठेवावी. नव्या घरातल्या पहिल्या अंड्याची तारीख मी तिथे लिहायला सांगते आणि लोक ती आठवणीने मला कळवतात.

आपली नम्र,
एक कोंबडीपालक वाचक